शब्बाथच्या दिवशी आलेलं पत्र

बिन्यामीन रोहेकर देवास संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. संस्थान गेलं, नोकरी गेली, आणि बावन्न साली एकुलता एक मुलगा दानिएल विषमज्वरानं गेला. मागे त्याची एक तबकडी राहिली. मुंबईच्या एका बेने इस्राएल, म्हणजे त्यांच्यासारख्याच मराठी ज्यू, गृहस्थानं त्याच्याकडून प्रार्थनागीतं गाऊन घेऊन थोड्या तबकड्या विकल्या होत्या; त्या केव्हाच संपल्या. दर शनिवारी सूर्यास्तानंतर शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपला की बाबा ती लावत. मुलगी रिबका शाळेत विज्ञान शिकवायची. सुई दर खेपेला भावाचा आवाज थोडा खरवडून नेते, हे तिला कळत होतं.

शेजारच्या नीलकंठरावांकडे माळवी गाणी गोळा करायला सरकारी खात्याचा टेपरेकॉर्डर होता. देवासात तेवढा एकच.

"आणा तबकडी, अर्ध्या तासात नक्कल करून देतो."

"विकतानाच मुंबईच्या त्या गृहस्थांनी नक्कल न करण्याची अट घातली आहे," बाबा म्हणाले. "त्यांचं पोट त्यावर आहे. शेजाऱ्याची शीव सरकवणं आमच्यात चोरीच. आधी परवानगी."

"अहो दादा, गाणारा तुमचाच मुलगा!"

"गळा त्याचा. तबकडी त्यांची."

पत्र गेलं. तीन आठवडे उत्तर नाही. छप्पनच्या ऑक्टोबरात नीलकंठरावांची भोपाळला बदली निघाली. यंत्र तिथं जमा करायचं होतं. शनिवारी सकाळी सामानाची मोटार दारात लागली, आणि तेवढ्यात टपालवाला पाकीट देऊन गेला. मुंबईचा शिक्का.

शब्बाथला पाकीट फाडत नाहीत. बाबा ते मेजावर तसंच सोडून आत प्रार्थनेला बसले.

"फोडा की, रिबकाताई!" नीलकंठराव कुजबुजले. "नाहीतर मी फोडतो, मला कुठला आलाय शनिवार? ड्रायवर भियाला चहा पाजतो तोवर. दादांना सांगूच नका."

"आमच्यासाठी तुम्ही फोडलंत, तरी ते आम्हीच फोडल्यासारखं."

तरी तिचा हात पाकिटापर्यंत गेला. पण बाबा विचारणार, नक्कल केव्हा केली? आणि मग जन्मात ती ऐकणार नाहीत. तिनं हात मागे घेतला. मोटार गेली.

संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर बाबांनी पाकीट फोडलं. 'मुलाचा आवाज जपायला बापाला मला विचारावं लागलं, याची लाज वाटते. खुशाल नक्कल करा.'

बाबांनी कागद घडी घालून परत पाकिटात ठेवला. रिबकानं तबकडी काढली, सुई बदलली.

"अजून किती वेळा वाजेल?"

तिनं भिंगाखाली चरे पाहिले. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"त्याचा आवाज ओळखू येईल असं, दोन-तीनदा."

"मग आज राहू दे," बाबा म्हणाले.

पुढच्या शनिवारीही ते तेच म्हणाले.