बिऱ्हाडगाडी

रोह्याच्या त्या गल्लीत विमलबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. गाड्यांचा नियमही त्यांनीच ओढून आणला होता. कोलाडला नदीत होड्या हाकायला येणारी मुंबईची मंडळी पलंग, शेगडी, मोरी सगळं पोटात घेतलेल्या गाड्या इथं गल्लीत लावायची, फुकटात रात्र काढायची आणि सकाळी खरकटं पाणी विमलबाईंच्या दारात सोडून निघून जायची. बाईंनी त्या गाड्यांना बिऱ्हाडगाडी असं नाव ठेवलं आणि नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवल्या. साहेब कंटाळले, बाई नाही कंटाळल्या. शेवटी गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली: राहण्याची सोय असलेली गाडी रहिवासी रस्त्यावर रात्रभर उभी करू नये, केल्यास सकाळी उचलली जाईल. त्या दिवशी बाईंनी गल्लीत पेढे वाटले.

पहिला फटका बसला तो प्रतिक्षाच्या भावाला. प्रतिक्षा ही शेजारच्या घरातली सून. तिचा भाऊ असल्याच गाडीतून पोराबाळांना घेऊन बहिणीकडे आला होता. रात्री पोरं ताटावर बसलेली असताना विमलबाईंनी त्याला गाडी हलवायला लावली. नियम तो नियम, म्हणाल्या. तेव्हापासून प्रतिक्षानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. निदान त्या तसं दाखवत तरी नव्हत्या.

मग एका शुक्रवारी, दिवेलागणीला, एक पांढरी बिऱ्हाडगाडी येऊन बरोब्बर त्यांच्या कुंपणासमोर थांबली. खिडक्यांना पडदे. कुणी खाली उतरेना. विमलबाईंनी आधी जगनला फोन लावला. जगन नगरपरिषदेच्या क्रेनवर होता. "उद्या सकाळीच ये. आली एक," असं त्याला सांगून, पदर खोचून, त्या गाडीचं दार बडवायला गेल्या.

दार उघडलं ते एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यानं. डोक्यावर छोटी टोपी. विमलबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"भावजी?"

तो एझ्रा होता, रेचलचा नवरा. रेचल म्हणजे विमलबाईंची लहानपणची मैत्रीण, याच गल्लीत जन्मलेली. गल्लीत एकेकाळी इस्रायल लोकांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, चार घरं होती. एकेक करून सगळी गेली, कुणी मुंबईला, कुणी थेट त्यांच्या देशाला. विमलबाईंच्या समोरच, रेचलच्या माहेरच्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत उभी होती, आणि गाडी थांबली होती ती तिच्याच पायथ्याशी.

आत पलंगावर रेचल पडलेली. अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि घरी न्या म्हणाले होते. "घरी म्हटल्यावर ती म्हणाली, आमच्या गल्लीत," एझ्रा सांगू लागला. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून कोकण फिरायचं म्हणून ही गाडी हौसेनं बांधून घेतली होती. फिरणं राहिलं आणि गाडी ही अशी कामाला आली. त्याचा बेत होता गल्ली दाखवायची आणि पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात त्यांच्या प्रार्थनालयाच्या आवारात मुक्काम करायचा. पण हमरापूरच्या फाट्यावर गणपतींच्या टेम्पोंनी रस्ता अडवला, आणि इथं पोचेपर्यंत सूर्य बुडाला. शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा वार, लागला. आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत तो गाडीला हात लावणार नव्हता.

"आजारी माणसासाठी चालतं, मी म्हटलं हिला," एझ्रा म्हणाला. "ही ऐकत नाय."

"जन्मभर पाळला," रेचल पलंगावरून बोलली. आवाज बारीक, पण हेका जुनाच. "शेवटाला कशाला मोडू? विमे, चूल पेटवायला आलीस का गो?"

विमलबाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

शनिवारची चूल. इस्रायल लोक त्या दिवशी विस्तव पेटवत नाहीत, आणि दुसऱ्याला पेटव म्हणून सांगतही नाहीत. रेचलची आई पहाटे दारात येऊन नुसती हवेत बोलल्यासारखी म्हणायची, "आज गारठा लय हाय." मग विमलची आई विमलला हलवून उठवायची. "जा गो. ती मागायची नाय, तिला मागायला चालत नाय. आपण बघायचं." फ्रॉकातली विमल काड्यापेटी घेऊन जायची, चूल पेटवायची, आधण ठेवायची आणि परत येऊन झोपायची. त्या घरातून कधी कुणी तिला काही मागितलं नाही, आणि चूलही कधी थंड राहिली नाही.

जगनला दिलेला सांगावा मागे घ्यायला हवा होता. त्यांनी त्याला परत फोन लावलाही. पण जगन म्हणाला, "मावशी, आता साहेबांना कळवलंय. उचलायलाच लागंल." आपणच आणलेला नियम आपल्याच माणसाच्या उरावर बसला होता, आणि त्यात जगनला बोल लावायची सोय नव्हती.

सकाळी क्रेन आली. गल्ली जमली. विमलबाई क्रेनच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "आत आजारी बाई हाय. संध्याकाळपर्यंत थांब."

जगन बिचारा घुटमळला. तेवढ्यात मागून प्रतिक्षा बोलली, कितीतरी दिवसांनी. "माझ्या भावाची पोरं जेवत व्हती, तवा नाय थांबलात ते? नियम तो नियम ना, काकू?"

आपल्या मैत्रिणीला एक नियम आणि तिच्या भावाला एक, असं म्हणायला विमलबाईंची जीभ रेटेना. त्या गाडीच्या दाराशी गेल्या. एझ्रा पायरीवर मांडीत हात घेऊन बसला होता. चावी गाडीलाच लोंबत होती. तो चावीकडे बघत नव्हता, क्रेनकडेही नाही. त्याच्या तोंडून मदत मागणारं अक्षर निघणार नाही, हे विमलबाईंना ठाऊक होतं.

आतून रेचल म्हणाली, "विमे, ऊन लय येतंय गो डोळ्यावर."

एवढंच. विमलबाईंनी मागं वळून बघितलं. त्यांच्या अंगणात फणसाची गार सावली पडली होती. मधे होतं चिऱ्यांचं कुंपण, आणि त्यातून हातगाडी जाईल एवढंच फाटक. ती भिंत त्यांच्या यजमानांनी सुट्टीच्या दिवसांत एकेक चिरा लावून स्वतः उभी केली होती. ते गेल्यावर बाईंनी तिला कधी पोपडा धरू दिला नव्हता.

त्या घरात गेल्या आणि पहार घेऊन आल्या.

"जगन, पाटी रस्त्याची हाय. माझ्या अंगणाची नाय ना?"

"नाय मावशी."

पहिला घाव त्यांनीच घातला. चिरा जागचा हलला नाही. दुसऱ्यानंही नाही. तिसऱ्याला कुणीतरी पहार त्यांच्या हातातून काढून घेतली. प्रतिक्षा होती.

"तुझ्या भावालाबी हेच अंगण व्हतं गो," विमलबाई म्हणाल्या. "मला तवा सुचलं नाय. चुकलं माझं."

प्रतिक्षानं मान वर केली नाही. ती घाव घालत राहिली. मग गल्लीतले बाप्येही पुढे झाले आणि भिंतीला खिंडार पडलं. इंजिन कुणी चालू केलं नाही. जगननं नुसतं स्टिअरिंगचं चाक धरलं आणि सगळ्यांनी मिळून गाडी हळूहळू अंगणात ढकलली. एझ्रा हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. तो गाडीमागून अनवाणी चालत आला. सावली चेहऱ्यावर आल्यावर रेचलनं डोळे मिटले.

संध्याकाळी फणसावर चांदण्या दिसल्या. एझ्रानं प्रार्थना आटोपली आणि चावीला हात घातला. "विमलबाई, उपकार झाले. आता अष्टमीला नेतो हिला."

"थांबा," रेचल म्हणाली. तिनं विमलबाईंचा हात शोधला. "शब्बाथ सरला गो. आता मला मागता येतं. मला इथंच राहू दे, विमे."

इतक्या वर्षांत त्या घरातल्या माणसानं मागितलेलं हे पहिलंच मागणं होतं. "रहा की गो," विमलबाई म्हणाल्या.

रेचल राहिली. गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या, प्रतिक्षा भाताची पेज आणायची. पुढच्या शनिवारी विमलबाई पहाटेच गाडीत गेल्या, कुणाला काही न विचारता गॅस पेटवला आणि चहा ठेवला. रेचल पडल्या पडल्या हसली.

त्यापुढच्या शनिवारीही त्या तशाच काड्यापेटी घेऊन गेल्या. एझ्रा पलंगाशी बसला होता, रेचलचा हात हातात घेऊन. फोन समोर होता, पण शब्बाथ म्हणून त्यानं तो उचलला नव्हता. त्यानं विमलबाईंकडे बघितलं.

विमलबाईंनी वाकून रेचलकडे बघितलं; श्वास थांबला होता. काड्यापेटी कनवटीला परत खोचली आणि त्या रेचलच्या पायाशी बसल्या. त्या शनिवारी त्यांनी चूल पेटवली नाही.