चौथ्यांदा काढलेलं चित्र

एमआरआय काढणाऱ्या बाई सकाळपासून उभ्या होत्या, आणि आजोबांच्या मेंदूतल्या धमनीचं चित्र तिसऱ्यांदा पुसट आलं होतं. धमनीच्या भिंतीत साचलेला थर नीट दिसल्याशिवाय पुन्हा पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका किती, हे डॉक्टरांना कळणार नव्हतं.

"आजोबा, हलू नका म्हटलं होतं ना?" त्यांना यंत्रातून बाहेर घेत बाई थकून म्हणाल्या.

"अहो, दर दोन मिनिटांनी माइकवरून 'ठीक आहात ना' असं तुम्हीच विचारता. मग मान नको का डोलवायला?"

बाईंनी कपाळावर हात मारला. चौथ्या वेळी त्या सात मिनिटं तोंड मिटून बसल्या. थर जाडच निघाला, पण आता डॉक्टरांना औषध ठरवता येणार होतं.