सात वेढे चावी

ग्रामोफोनच्या तबकडीवरचा मूळ कागद हेडविगने ओल्या फडक्याने सोडवला आणि तिथे एका फुटक्या तबकडीचा ‘कवायतीचे संगीत’ असा छापील कागद खळीने चिकटवला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. वीस वर्षं नाटकाच्या कपडेपटात काढलेल्या बाईला रूप बदलणं अवघड नव्हतं. आवाज मात्र बदलता येत नाही.

आवाज तिच्या धाकट्या बहिणीचा, ओटिलीचा. गाणं तिच्या नाटकातलं, आणि नाटक होतं धोबिणींचं. साहेबांचे सदरे धुताधुता त्या साहेबांचेच वाभाडे काढायच्या, आणि सगळं बर्लिन पोट धरून हसायचं. नव्या सरकारला हसू आलं नाही. नाटक बंद झालं. तबकड्या सापडतील तिथे फोडल्या गेल्या, आणि ज्यांच्या घरात सापडल्या त्यांना पोलीस घेऊन गेले. ओटिली त्याआधीच छातीच्या दुखण्याने गेली होती. तिचं म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच, तीन मिनिटं.

रविवारी दुपारी दारावर थाप पडली. पक्षाच्या वतीने इमारतीवर नजर ठेवणारे ब्लाश्के, आणि त्यांच्यामागे शेजारच्या नोआकबाई. मे महिन्याच्या एक तारखेच्या समारंभाला अंगणात बँडचं संगीत वाजवायचं होतं, आणि हेडविगकडे ग्रामोफोन आहे हे नोआकबाईंनीच त्यांच्या कानावर घातलं होतं.

“कवायतीची तबकडीही आहे हो तिच्याकडे,” नोआकबाई म्हणाल्या. “लावत मात्र कधी नाही. देशभक्ती जपून वापरते.”

हेडविगने याच दिवसासाठी कर्ण्यात पायमोजा कोंबून तालीम केली होती. यंत्राची चावी कायम पूर्ण उतरलेली ठेवायची, आणि वेळ आली तर मोजून सात वेढे द्यायचे. सात वेढ्यांत गाण्याआधीचा, कवायतीच्या चालीचा पितळी बाजा संपतो आणि यंत्र थांबतं. आठव्याला ओटिली गाऊ लागते.

ब्लाश्केंनी चावीला हात घातला.

“राहू द्या साहेब, मीच देते. जुनी आहे, हट्टी आहे.”

तिने मोजायला सुरुवात केली. चारवर नोआकबाईंनी कॉफी आहे का विचारलं. हेडविग नाही म्हणाली आणि आकडा सांडला. आता पाच झाले की सहा? हात मात्र फिरतच होता. ती थांबली, आणि देवाचं नाव न घेता सुई टेकवली.

बाजा कडकडून वाजला. ब्लाश्केंचा बूट जमिनीवर ताल धरू लागला, डावा-उजवा, डावा-उजवा. मग सूर खाली बसू लागले, गळा बसलेल्या माणसासारखे. बाजा संपला तरी तबकडी अजून फिरत होती. हेडविगने डोळे मिटले. कर्ण्यातून श्वास आला, गाण्याआधी छाती भरून घेतलेला ओटिलीचा श्वास, आणि तिथेच तबकडी थांबली.

खोलीत शांतता. फक्त ब्लाश्केंचा बूट चालू होता.

हेडविगने त्याकडे पाहिलं. बूट आता कवायत करत नव्हता. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. धोबिणी गाऊ लागल्या की ताल असाच पिळवटल्या कपड्यासारखा फिरायचा. ते फक्त नाटक पाहिलेल्या माणसाला ठाऊक असणार. एकदा पाहिलेल्याला नव्हे, पुन्हापुन्हा पाहिलेल्याला.

ब्लाश्केंनी तिची नजर पाहिली, मग स्वतःचा पाय पाहिला. पाय थांबला. चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

“छान आहे की,” नोआकबाई म्हणाल्या. “आणखी चावी द्या ना.”

“नको.” ब्लाश्के टोपी शोधू लागले; ती त्यांच्या हातातच होती. “यंत्र बिघडलंय बाईंचं. अंगणात नको.” मग हेडविगकडे न बघता हळू म्हणाले, “दुरुस्तीला देऊ नका. कुणाकडेच.”

दोघं गेली. हेडविग दाराला कान लावून उभी राहिली. ज्याला स्वतःच्या पायाची भीती वाटते तो माणूस काय करेल, सांगता येत नाही. तिचं तोंड बंद करायला तो सरळ चौकीवरही जाईल. जिन्यात बूट थांबले. खाली रस्त्याला जायचं की वर आपल्या घरात, तो ठरवत असावा. ती श्वास रोखून उभी होती, ओटिलीसारखीच.

बूट वर चढले. वर दार लागलं, कडी वाजली. थोड्या वेळाने त्याच दाराची दुसरी कडी.

मग हेडविगनेही आपली कडी लावली.