‘ढाबळ’च्या कॉम्प्युटरला खराब म्हणायचं काम नाही!

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. जुना म्हणा, डबडं म्हणा, पांढऱ्याचा पिवळा पडलाय म्हणा, मी हसून सोडून देईन. पण खराब म्हणाल तर ऐकून घेणार नाही. मध्यंतरी भर दुकानात, सगळ्यांच्या देखत, मला खराब म्हटलं गेलं. तो राग अजून माझ्या पंख्यात घरघरतोय.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागं सिद्धलिंगप्पा अण्णांचं धान्याचं दुकान आहे. बार्शीहून ज्वारी-बाजरी येते आणि शहरातले झाडून सगळे कबूतरवाले पाखरांचा दाणा इथूनच नेतात. नेतात म्हणजे काय, पिशवी हातात घेऊन तासभर हलतच नाहीत! कुणाचं कबूतर घारीला चकवून आलं, कुणाचं शेजाऱ्याच्या छपरावर बसलं आणि शेजारी ते परत देईना. या गप्पा ऐकून ऐकून अण्णांनी चक्क मासिक काढलं. नाव ठेवलं ‘ढाबळ’, म्हणजे कबुतरांचं घर. त्या मासिकासाठी मला आणलं आणि मागच्या खोलीत बसवलं.

टायपिंगला शाइस्ता यायची. तेव्हा ती नुकतीच क्लास पास झालेली पोरगी होती. मी काही गरीब गाय नव्हतो हं. अण्णांचा मुलगा श्रीशैल गुपचूप गेम लावायचा, आणि तो जिंकायला आला की मी नेमका अडकून बसायचो. पण शाइस्ताचं एकही पान मी कधी गिळलं नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली मी तापलो की ती टेबलफॅन माझ्याकडे वळवायची आणि स्वतः ओढणीनं वारा घ्यायची. खंडेनवमीला अण्णा तराजूला विभूती लावायचे, मग तेच बोट माझ्याही कपाळाला. अंक पोचला की वाचक म्हणायचे, “अण्णा, अक्षर लई देखणं आलंय!” मित्रांनो, ते अक्षर माझं होतं.

पुढं शाइस्तानं स्वतःचं टायपिंगचं दुकान टाकलं. अण्णांची नजर मंदावली, मासिक थांबलं. माझ्यावर रिकामी पोती येऊन पडली. छापलेले सगळे अंक गोदामातल्या उंदरांनी कुरतडून टाकले. उरलो मी एकटा.

मग श्रीशैलच्या डोक्यात आलं, ‘ढाबळ’ची वेबसाईट करायची आणि मला रिटायर करायचं. माझी ना नव्हती. पण कामाला काही रीत असते की! या पठ्ठ्यानं पेनड्राईव्ह खुपसला, सगळ्या फाईली ओढल्या, आणि एकसुद्धा उघडून बघितली नाही. रविवारी सगळ्या कबूतरवाल्यांना बोलावलं. भिंतीवर मोठा टीव्ही लावला. अण्णा धुतलेलं धोतर नेसून पुढं बसले. पहिला अंक उघडला.

मराठीचा पत्ताच नाही! पडद्यावर एबीसीडी, कंस आणि डॉलरची नुसती भेळ.

जुने वाचक महबूबचाचा म्हणाले, “ये कबुतरां की बोली है क्या रे?”

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

श्रीशैलचं तोंड उतरलं. त्यानं सगळे अंक उघडून बघितले, सगळीकडं तेच. मग लाज झाकायला त्यानं बोट माझ्याकडं केलं. “अण्णा, हा कॉम्प्युटरच खराब झालाय. फाईली आतल्या आत कुजल्यात.”

कुजल्यात! मी काय बटाटा आहे?

“सगळे अंक?” अण्णांनी विचारलं.

“सगळे.”

अण्णा ज्वारीच्या पोत्यावर बसले ते लवकर उठलेच नाहीत. माणसानं उमेदीची वर्षं ज्यात घातली ते एका शब्दात संपलं, आणि संपवणाऱ्यानं माझ्यावर एक फाईल साधी उघडूनही बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला अतीक हातगाडा घेऊन आला. त्यानं मला उचललं, तसा अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात काही निघेना.

“सोडा की अण्णा,” अतीक म्हणाला. “तुमचा माणूस हाय म्हणून जपून फोडतो.”

“थांब जरा. शाइस्ताला सांगितल्याशिवाय न्यायचं न्हाय. हात तिचा चाललाय याच्यावर.”

श्रीशैलनं कुरकुरत फोन लावला. पलीकडून आवाज आला, “भैया, फाईली नेल्यास. फॉन्ट नेलास का?”

“कसला फॉन्ट?”

“या अल्ला! कुणी हात लावू नका त्याला. आले मी!”

ती आली ती स्कूटी आडवी टाकूनच. “अरे, हे सगळं मी जुन्या फॉन्टात टाईप केलंय. त्या अक्षरांचा संच याच्याच पोटात आहे. तो नसला तर नव्या मशीनला वाचता कसं येईल? तू पाखरं उचललीस आणि ढाबळ इथंच ठेवलीस!”

ऐकलंत, मित्रांनो? वाचता त्या नव्याला येत नव्हतं, आणि अडाणी ठरलो मी!

तिनं मला चालू केलं. मीही जरा भाव खाल्ला, सावकाश उठलो. मग पहिला अंक उघडला, अगदी स्वच्छ. अण्णांना दिसेना, म्हणून श्रीशैल त्यांचंच संपादकीय मोठ्यानं वाचू लागला. “घरचे विचारतात, कबुतरांवरचं मासिक कोण वाचणार? माझा मुलगा अजून लहान आहे. मोठा झाला की तो तरी...” इथं श्रीशैल थांबला.

“वाच की,” अण्णा म्हणाले. “पुढं आणखी हाय.”

आता रोज संध्याकाळी शाइस्ता एकेक अंक नव्या अक्षरात उतरवते. श्रीशैल तो अण्णांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो. वाचल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, हा अण्णांचा हुकूम.

मित्रांनो, जुनं कधी टाकूच नका, असं मी म्हणत नाही. आम्हीही थकतो. पण आमच्याकडचं नेलंत, तर ते नव्या जागी नीट पोचलंय का ते उघडून बघा. एक पान मोठ्यानं वाचा. ज्यानं ते घडवलं त्याला शेजारी बसवून वाचा. तेवढं न करता आम्हाला खराब म्हणू नका.

अतीक रोज गल्लीच्या तोंडाशी येऊन विचारतो, “झालं का?” त्याला सांगा, मी तयार आहे. पण शेवटच्या अंकाची शेवटची ओळ अण्णांच्या कानावर पडेपर्यंत त्यानं तो गाडा दुकानासमोर आणायचा नाही.