आष्ट्याचे रंगूनवाले डॉक्टर

डॉक्टर वेणुगोपाल नायडू आष्ट्याला आले ते बेचाळीस सालच्या दिवाळीनंतर. सोबत बायको रत्नम्मा, पाच वर्षांचा मुलगा सूर्यम आणि एक पत्र्याची पेटी. घराणं तेलुगू, पण त्यांचा जन्म रंगूनचा आणि दवाखानाही तिथलाच. जपान्यांनी रंगूनवर बाँब टाकले तेव्हा हजारो लोकांबरोबर हेही जंगल तुडवत पायी हिंदुस्थानात आले. मणिपूरच्या छावणीत त्यांनी आमच्या गावच्या सुभेदार लालासाहेबांचा सडत चाललेला पाय वाचवला. पेन्शनीत निघताना लालासाहेब त्यांना म्हणाले, "आमच्याकडं डाक्तर न्हाई. चला." तेवढ्या शब्दावर ते आले.

मी लीलाबाई. माहेर सांगलीचं, नर्सिंग मिरजेला शिकले. लवकर विधवा झाले आणि आष्ट्यात बाळंतपणं करत होते. दवाखाना उघडला त्या आठवड्यापासून मी डॉक्टरांच्या हाताखाली होते, शेवटपर्यंत.

मराठी ते पेशंटांकडून शिकले, त्यामुळे अस्सल वाळवा तालुक्याची शिकले. गोरा-उंच, चष्मेवाला माणूस "कवापास्नं दुखतंय? भाकरी जाती का न्हाई?" असं विचारायचा तेव्हा पेठेतली शिकलेली मंडळी गालात हसत. शेतकऱ्यांना मात्र तो आपला वाटला. रत्नम्माही तशीच बोलायला शिकली, पण बोलायची फार कमी.

घर त्यांना फार प्रिय. सकाळचा चहा स्वतः करून बायकोला नेऊन द्यायचे. याची गावात बरीच चर्चा झाली. सूर्यमला साधं पडसं झालं तरी दवाखान्याचं दार बंद. मुलगा दुपारी झोपला की हे उठून त्याच्या नाकाशी बोट धरायचे. एकदा नाही, तीन-चारदा. मी म्हणायची, "डॉक्टर, झोपू द्या त्याला." ते पुन्हा बोट धरायचे.

आणखी एक गोष्ट होती. कुणी गेलं की डॉक्टर लगेच तसं सांगत नसत. प्रेताजवळ बसून राहत. मनगट धरून, छातीला कान लावून, नाकाशी आरसा धरून, तास तास. बाहेर माणसं ताटकळत. लोकांना वाटायचं, ब्रह्मदेशाची काहीतरी रीत असेल. मलाही तसंच वाटत होतं.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात गावात पटकी आली. विहिरींत लाल औषध टाकलं तरी दोन आठवड्यांत एकोणीस माणसं गेली. डॉक्टर आणि मी वस्त्यावस्त्यांवर फिरत होतो. सलाईनच्या बाटल्या सांगलीहून यायच्या आणि दुपारपर्यंत संपायच्या.

केरबाच्या वस्तीवर पोचलो तेव्हा त्याची अंजना, आठ वर्षांची, डोळे खोल गेलेली पडली होती. शीर सापडेना. शेवटी सापडली, पण अर्धी बाटली जायच्या आत पोरीचा श्वास थांबला. मी बघितलं. तिच्या आईनंही बघितलं आणि हंबरडा फोडला.

डॉक्टर मनगट धरून बसले. तास झाला. बाहेर तिरडीची तयारी झाली. दुसरा तास झाला. ऊन कलायला लागलं. केरबा आत आला.

"आवं डाक्तर, पोरगी गेली हाय."

"थांब."

"किती थांबायचं? अंग गार पडलंय तिचं."

"गार पडतंय अंग. तेवढ्यानं काय व्हतंय? थांब म्हनतोय ना."

केरबा खाली बसला. त्यानं डॉक्टरांची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली. रागानं नाही, पायातला काटा काढावा तशी, हळू. डॉक्टरांनी हात सोडला नाही, तो सोडवला गेला. मग केरबानं पोरीला उचललं आणि बाहेर नेलं.

परत येताना उसाच्या कडेच्या पाणंदीत डॉक्टर मधेच बांधावर बसले. मला वाटलं, चक्कर आली. त्यांनी चष्मा काढला आणि खाली बघत बोलायला लागले.

"लीलाबाई, मला एक पोरगी हुती. वरलक्ष्मी. ह्या अंजनाएवढी."

मला हे ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं.

"डोंगरात तिला ताप आला. हगवण लागली. रत्नासुदिक तापानं डोलीत पडल्याली. सूर्यम माझ्या पाठीवर. वरून पाऊस. एका वळणावर पोरीनं मान टाकली. म्या नाडी बघितली. माझीच बोटं गारठल्याली, कुनाची नाडी लागनार? मागनं फौजेचा मानूस वरडत हुता, चला, चला. म्या म्हनलं, गेली. झाडाखाली ठेवली, घोंगडी घातली न् निघालो."

त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. 

"तिसऱ्या दिशी छावनीत मागनं एक म्हातारा आला. त्यो सांगत हुता, वळनावर झाडाखाली एक पोरगी हाय घोंगडीत. पानी मागत हुती. माझ्यापाशी नव्हतं, म्हनला."

"मग तुम्ही?"

"उठलो. फाटकापतूर गेलो. शिपाई म्हनला, जायचं तर जा, पर माघारी आत घेनार न्हाई. म्या मागं वळून बघितलं. सूर्यम रडत हुता. परत येऊन बसलो." त्यांनी चष्मा घातला. "म्या घाई केली, लीलाबाई. डाक्तर असून घाई केली. रत्नाला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. ती झोपली हुती. तिला कवाच सांगू नका."

मी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांची तब्येत उतरत गेली. काम तेवढंच करायचे, पण जिने चढताना थांबायला लागले. अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात, सकाळी पेशंट तपासताना, खुर्चीतच त्यांचं हृदय बंद पडलं. लालासाहेबांनी सूर्यमचा हात धरून त्याच्याकडून अग्नी देववला. केरबा सगळ्यांत पुढं खांदा द्यायला होता.

दिवस झाल्यावर मी रत्नम्माजवळ बसले होते. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "तुमाला त्येंनी आमच्या पोरीचं, वरमचं सांगितलं व्हय?"

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले. 

"सांगितलं आसंल. त्या पटकीच्या साली तुमी दोघं घरी आलासा तवा तुमचं त्वांड बघितलं हुतं म्या." तिनं सूप खाली ठेवलं. "म्हातारा बोलला तवा मी जागी हुते. समदं ऐकलं. हे उठून गेले त्येबी कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"डोळं उघडलं आसतं तर त्येंनी मला इचारलं आसतं, जाऊ का. मला 'जा' म्हनावं लागलं आसतं. आई हाय मी. ते गेले आसते, आन् माघारी आले नसते. मग मी न् सूर्यम तिथंच मेलो आसतो. म्हनून डोळं मिटून पडले. ते येऊन बसल्याचं कळलं, तरीबी उघडलं न्हाईत."

"आणि इतकी वर्षं?"

"त्येंला वाटायचं मला म्हाईत न्हाई. त्येवढाच त्येंला इसावा हुता. त्यो कशाला काढून घिऊ?"

मला डॉक्टरांचा बांधावरचा चेहरा आठवला. 'ती तेव्हा जिवंत होती' हे एक वाक्य दोघांपैकी कुणीही बोललं असतं तरी पुरलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आता तशी खात्री वाटत नाही. कदाचित ते घर त्या दिवशीच मोडलं असतं.

रत्नम्मा आष्ट्यातच राहिली. तिकडं तेलुगू मुलखात तिचं कुणी उरलं नव्हतं. लालासाहेबांनी खोली दिली, ती शिवणकाम करायला लागली आणि सूर्यमला सांगलीच्या शाळेत घातलं.

पुढच्या वर्षी रेशनकार्डं नवीन करायची होती. चावडीत मी तिच्याबरोबर गेले होते. कारकून उमेदीतला पोरगा, साताऱ्याकडचा, तिला ओळखत नव्हता. त्यानं मान खाली घालूनच विचारलं, "मुलं किती?"

"दोन."

"नावं?"

"वरलक्ष्मी. सूर्यम."

"दोघं इथंच राहतात?"

"थोरली ब्रह्मदेशात हाय."

कारकुनानं लिहिलेलं नाव खोडलं. "इथं राहत नाही, तर कार्डात धरता येत नाही, बाई. एकच लिहितो."

रत्नम्मानं त्या खोडलेल्या ओळीकडं थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "लिवा," आणि अंगठ्यासाठी पुढं केलेली शाई बाजूला सारून, टाक उचलून तिनं तेलुगूत सही केली.