मागच्या डाव्या पायाची नाल

मी एक नाल. टांग्याला जुंपलेल्या चांदणी नावाच्या घोडीच्या मागच्या डाव्या पायाची. एवढं सांगितल्याशिवाय नालेची ओळख पुरी होत नाही, असं मला जपणारा दिनानाथ म्हणायचा.

अलिबागच्या नालबंदाने मला तापवून वाकवलं, तेव्हा मी नुसतं लोखंड होते. चांदणीच्या पायाखाली गेले आणि मला चाल मिळाली. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या थंडीत नागावच्या पुळणीत टांग्यांची शर्यत लागली. ओहोटीनंतरची ओली वाळू आरशासारखी. आभाळ वर, आभाळ खाली, आणि मधून पांढरी चांदणी. ऐन भरात मी निखळले. ती अडखळली, हरली. मी वाळूत रुतले आणि अंगावरून जाणारं पाणी ऐकत राहिले.

पुढच्या ओहोटीला दिनानाथने मला उकरून काढलं. त्याची सुपारीची वाडी होती, पण जीव सगळा या शर्यतींत.

"हरल्या घोडीची नाल काय कराची, शेट?" चांदणीचा मालक येसाजी हसला.

"जिंकला त्याला गुलाल लागला. हिला मी तेल लावीन."

त्याने खरंच लावलं. त्याच्या पडवीच्या वाशाला आम्ही कितीतरी जणी काथ्याने टांगलेल्या होतो. दर अमावास्येला तो खोबरेल घेऊन बसायचा, एकेकीला पुसायचा आणि तिचा घोडा, पाय, शर्यत मोठ्याने सांगायचा. खाऱ्या वाऱ्यात लोखंडासारखी नावंही गंजतात, अशी त्याची समजूत.

त्याचा बाळमित्र रामचंद्र मास्तर पायरीवरून चिडवायचा, "दिनू, पागा मोठी, घोडं एकही नाही."

"वारा येऊ दे, मग ऐक."

वारा यायचा. आम्ही किणकिणायचो. मास्तर कान देऊन ऐकायचा.

साठ साल उलटलं आणि दिनानाथ तापाने गेला. तेराव्याला शेजारचा मोरू वाशाखाली येऊन उभा राहिला. त्याला साडेसाती होती.

"वहिनी, काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी कराची हाय. सोयऱ्यांनाबी लागतात. सगळ्याच नेतो."

दिनानाथची बायको सत्यवती हिने मान हलवून होकार दिला. आमची किणकिण तिला आता सोसवत नव्हती. मोरूने माझ्या काथ्याला विळा लावला. आता भट्टी, मग कुणाचं तरी बोट. चांदणी संपली.

"थांब," रामचंद्र म्हणाला. "ती पांढरीची. चांदणी. मागचा डावा."

"मग ही?"

"तांबड्याची."

"आन ही?"

"अबलख घोड्याची."

"एकबी काळा न्हाय, मास्तर?"

"एक होता. तो बिननालीचा धावायचा."

माझ्या शेजारी कोळशा नावाच्या घोड्याची नाल होती. ती अगदी गप्प राहिली.

मोरू पुटपुटत गेला. सत्यवतीने तोंडाला पदर लावला. हसली की रडली, मला कळलं नाही.

"सगळी नावं येतात तुम्हाला, भावोजी?"

"ऐकून ऐकून."

ती आत गेली आणि खोबरेलाची वाटी घेऊन आली.

आता अमावास्येला रामचंद्र येतो. कधी पाय चुकतो, कधी शर्यत. कोळशाचं नाव मात्र तो हळूच घेतो, कारण मोरूचं घर कुंपणापलीकडेच आहे. तुमच्याही दारावर एखादी नाल ठोकलेली असेल, तर ती कोणत्या घोड्याची, एवढं तरी विचारून ठेवा.

सगळ्यांना पुसून झालं की मास्तर तेलाचे हात तसेच ठेवून बसतो आणि आणखी एक नाव घेतो. ते घोड्याचं नाही. वारा नसला तरी आम्ही तेव्हा थोड्या हलतो.