आतून लावायची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. पितळी मुठीसारखी मी चकाकत नाही आणि मोठ्या कुलपासारखा माझा धाकही नाही. मला फक्त इकडून तिकडे सरकता येते. तेवढ्यातच माझे आयुष्य गेले.

माझा जन्म ओश शहराच्या बाजारातल्या लोहारआळीत झाला. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून हकीमजान लोहाराने आधी सुरे केले, मग कुदळी केल्या. शेवटी वीतभर तुकडा उरला. "याचा सुरा व्हायचा नाही," तो ऐरणीवर मला उलटेपालटे करत म्हणाला, "कडी होईल कशीबशी." माझे भाऊ, म्हणजे ते सुरे, मऊ कातडी म्यानांत बसून थाटात विकले गेले. मी खिळ्यांच्या डब्यात पडून राहिले.

तिथून मला योरमामत उस्ताने उचलले. बाजाराला लागूनच दुकानांची एक तीन मजली इमारत आहे. तिथली दारे, कुलपे आणि शटरे दुरुस्त करणे हे या उस्ताचे, म्हणजे कारागिराचे, काम. ते कधी संपत नसे. सकाळी शटर धुळीने अडके. दुपारी गिऱ्हाइकांचा लोंढा आला की काचेच्या दाराची स्प्रिंग ढिली पडे. संध्याकाळी कुणाची तरी किल्ली कुलपातच मोडे. "उस्ता, आधी माझं!" अशा हाका तिन्ही मजल्यांवरून येत. दार नीट लागू लागले की मात्र उस्ता कुणाला आठवत नसे. बायको वारल्यापासून तो दुपारची भाकरीही हत्यारांच्या पेटीवर बसून एकटाच खाई.

तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याखाली, झाडू ठेवायची एक लहानशी खोली होती. शेजारीच बुरुलचा एजेचे रजयांचे दुकान. ती वयाने मोठी, म्हणून सगळ्या दुकानदारणी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. एक दिवस तिने उस्ताला हाताला धरूनच त्या दाराशी आणले.

"या खोलीला आतून कडी लाव," ती म्हणाली. "बरणीतल्या टोमॅटोसारख्या आम्ही बाया दिवसभर काचेमागे. येणारा-जाणारा बघतोय. घटकाभर झाकण नको का?"

"मॅनेजर विचारेल."

"सांग, झाडू चोरीला जातात."

"कडी तर आतून लावायची!"

"मग झाडूच लावतात म्हण!"

उस्ता हसला. त्याने मला त्या दारावर बसवले, कोयंडा ठोकला आणि तेलाचे बोट फिरवले. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटले, आता आपल्यालाही माणसांची सोबत मिळाली.

सोबत मिळाली, पण कशी ते ऐका. कुणी बाळाला पाजायला येई, कुणी नमाजाला, कुणी नुसतीच सुजलेले पाय भिंतीला टेकून बसायला. आत आल्या की मला सरकवत, आणि मग जगात दुसरे कुणीच नाही असे वागत. मी माणसे पाहिली ती एकेकटीच. दोघींना मिळून हसताना मी कधी पाहिले नाही. ते हसू दाराबाहेर असे.

त्यांच्यात एक सआदत होती. डोक्याला बांधायचे रुमाल विकणारी, कोवळ्या वयाची. तिचा नवरा एर्मेक बांधकामावर मजूर म्हणून रशियात गेला होता. आधी रोज बोलायचा, मग आठवड्याने, मग बोलेनासाच झाला. सआदत दुपारी खोलीत येई, मला घट्ट लावी आणि फोन कानाला धरी. पलीकडे घंटी वाजत राही. कुणी उचलत नसे. मग ती एक रुमाल तोंडात कोंबून रडे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. नंतर डोळे पुसून, हसरा चेहरा करून ती मला मागे सारी. बाहेर गिऱ्हाइके म्हणत, "काय गोड हसते हो ही मुलगी!"

खरे काय ते मला ठाऊक होते. पण कडीला कोण विचारतो?

पुढे उन्हाळ्यात दाराचे लाकूड सुकले आणि माझा कोयंडा हलू लागला. बुरुलचा एजेने उस्ताला सांगितले. "आलोच," तो म्हणाला. तेवढ्यात खाली सोनाराचे शटर अर्ध्यात अडकले. ते झाले तर पुढच्या काचेच्या दाराचे बिजागर निखळले. झाडूंच्या खोलीकडे कोण आधी बघणार? त्याच दुपारी एक हमाल खोकी ठेवायला जागा शोधत वर आला. दार उघडेना, म्हणून त्याने खांदा लावला. कोयंडा स्क्रूंसकट उपटून आला. आत सआदत भिंतीशी बसली होती. कानाला फोन आणि तोंडात रुमाल.

हमाल बिचारा गडबडून परत गेला. पण मागून दोन-चार बायकांनी डोकावून पाहिलेच. "रोज दार लावून कुणाशी बोलते गं ही?" "नवरा तर फोन करत नाही म्हणे." "मग?" त्या एका 'मग'ने घात केला. संध्याकाळपर्यंत बोलणे भाजीबाजारात पोहोचले आणि तिथून तिच्या सासरच्या गावी.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर नुरगाझीने उस्ताला बोलावले. "ती कडी काढून टाक. कामाच्या जागी आतून दार लावायचं कारणच काय?"

उस्ता कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "नुरगाझी, या इमारतीत जिकडे बघशील तिकडे कुलूप. सगळी मालासाठी. माणसांसाठी ही एवढीच कडी आहे रे."

"भाषण नको, उस्ता. काढ."

आणि उस्ताने मला काढले. काढताना तो सआदतला हळूच म्हणाला, "पोरी, मी काल वेळेवर आलो असतो तर..." दाराला बाहेरून कुलूप लागले. मी उस्ताच्या पेटीत, गंजक्या किल्ल्यांखाली जाऊन पडले. मित्रांनो, तिथे एकमेकींना खेटून शंभर वस्तू असतात, पण कुणी कुणाची नसते.

मग एका सकाळी पेटीजवळ एक अनोळखी आवाज आला. उस्ता पेटी उघडी ठेवून चहा पीत होता. समोर एक म्हातारी उभी होती, पांढरा रुमाल बांधलेली. सआदतची सासू, उमुतकान. वडीलधारी म्हणून सगळे तिला आपा, म्हणजे आई, म्हणत.

"कुलपं करणारा तूच ना? मग खरं सांग," ती म्हणाली. "माझी सून त्या खोलीत कुणाशी बोलायची?"

"कुणाशीच नाही, आपा. बोलायला समोरून कुणी उचलावं तर लागतं ना? तुमच्या मुलाला फोन लावायची. मी जिन्यावर काम करायचो, तेव्हा नुसती घंटी ऐकू यायची."

म्हातारी पेटीच्या कडेवरच बसली. उस्ताने तिच्या हातात चहाची वाटी दिली.

"माझाही उचलत नाही तो," ती म्हणाली. "मी गोठ्यात जाऊन लावते. सुनेला कळू नये म्हणून. उगाच धीर सुटेल तिचा."

म्हातारीने डोळे पुसले आणि एकदम करड्या आवाजात म्हणाली, "ती कडी कुठाय? फेकलीस की काय?"

"आहे की. कशाला?"

"आमच्या घरात आतून लागणारं एकही दार नाही. सुनेच्या खोलीला लाव. मीसुद्धा ढकलून आत जाते रे, सवयच पडली."

त्या शुक्रवारी उस्ता मला घेऊन गावी गेला. या खेपेला त्याने लांब स्क्रू वापरले. लावून झाल्यावर सासू दाराबाहेर उभी राहिली आणि सुनेला म्हणाली, "घे, लाव. मी हाक मारल्याशिवाय यायची नाही."

सआदतने मला लावले. आत एकटीच उभी राहिली. बाहेर म्हातारीही हलली नाही. दोघींचे श्वास मला दोन्ही बाजूंनी ऐकू येत होते. मग सआदतने मला मागे सारले आणि दार उघडून म्हणाली, "आपा, आत या ना. मिळूनच लावू या फोन."

फोन अजूनही कुणी उचललेला नाही. पण त्या दोघी आता उघड्या दारात बसून चहा पितात, एर्मेकला शिव्या देतात आणि कधी कधी हसतातही. मला फारसे कुणी सरकवत नाही. माझ्या अंगावर पुन्हा गंज चढतो आहे, आणि एकटेपणा काही सुटलेला नाही. पण खोटे कशाला बोलू, त्यांचे हसणे आता दाराबाहेर राहत नाही; ते मी दाराच्या आतून ऐकते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या, शाळेतल्या, दुकानातल्या कड्या-कोयंड्यांना वर्षातून एकदा तरी तेलाचे बोट लावा. एखादा स्क्रू हलत असेल तर आजच पिळा, उद्यावर टाकू नका. आणि कधी एखादे दार आतून लावलेले दिसले, तर ते ढकलू नका. पण लगेच निघूनही जाऊ नका. थोडा वेळ बाहेर थांबा.